बारा नंबरच्या पाटीखाली

औरंगाबादच्या मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडूबाचं दुकान होतं. विहिरीवरचे, बोअरचे पंप जळले की लोक त्याच्याकडे आणत. तो आतली जळकी तार उपसून काढायचा आणि नवी तांब्याची तार भरायचा. काम दिसायला सोपं, करायला किचकट. वेढे कमी भरले की मोटार तापते आणि महिन्याभरात परत येते. कडूबाकडून गेलेली मोटार परत आलेली मी पाहिली नाही. माझी नोकरी फौंड्रीत साचे भरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मी त्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो, कारण कामाच्या वेळी तो बोलत नसे आणि मलाही बोलायची हौस नव्हती.

त्याचं गाव वैजापूर तालुक्यात. आधीची दोन पोरं दगावली म्हणून आई चतुराबाईनं याचं नाव कडूबा ठेवलं. बाप लवकर गेला, शाळा सातवीत सुटली. शहरात येऊन एका मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. लग्न शिवकन्येशी झालं. ती दहावी पास होती. पहिल्याच वर्षी त्यानं तिला विचारलं, पुढं शिकायचंय का. ती हो म्हणाली. तिची बारावी झाली, नर्सिंग झालं, शहरातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. फी कडूबानं भरली. रात्रपाळी असली की तो तिला मोटारसायकलवर सोडायचा आणि सकाळी घेऊन यायचा. चतुराबाई म्हणायची, "लोकाच्या सुना भाकरी थापत्यात, माझी सून सुया टोचती." पण डबा तीच भरून द्यायची. मूल मात्र पुढं ढकललं गेलं. आधी कोर्स म्हणून, मग नोकरी म्हणून, मग परदेशी नोकरीला लागते त्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी.

त्या परीक्षेत शिवकन्या दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली आणि आयर्लंडमधल्या एका इस्पितळानं तिला बोलावलं. ठरलं असं, की तिनं आधी जायचं, जम बसला की कडूबानं. नोकरीवर असलेल्या बाईला नवऱ्याला बोलावून घेता येतं, असा तिथला नियम. तिकडंही मोटारी जळतच असतील, असं कडूबा म्हणायचा. शिवकन्या गेली आणि याच्या मागं कागद लागले.

तुम्ही नवरा-बायको आहात हे दाखवा, एवढंच मागणं होतं. आम्हाला वाटलं, यात काय अवघड? बसलो तेव्हा कळलं. घर चतुराबाईच्या नावावर, वीजबिल तिच्या नावावर, गॅस तिच्या नावावर. शिवकन्या तिकडून पैसे पाठवायची ते सासूच्या खात्यावर, कारण घर म्हातारी चालवायची. फोन करायची तोही सासूच्या मोबाइलवर. कडूबाकडं बटणांचा फोन होता आणि नवऱ्याशी वेगळं बोलत बसणं तिलाही बरं वाटत नव्हतं. एकत्र घरात चांगली सून जशी वागते तशी ती वागली. त्यामुळं कागदावर तिचं लग्न सासूशी झाल्यासारखं दिसत होतं. दोघांचा एकत्र फोटो शोधला तर लग्नातला एक सोडून प्रत्येक फोटोत मधे कोणीतरी होतं. कुठं मावशी, कुठं बारशाचं मूल, कुठं सत्यनारायणाचा चौरंग.

लग्नाची नोंदणीही उशिरा झालेली. ती जायच्या आधी, गरज पडली तेव्हा. त्यातून शहराचं नाव बदललेलं. पासपोर्टवर औरंगाबाद, बँकेच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. ही दोन्ही एकाच गावाची नावं आहेत असं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आम्ही त्याच गल्लीत, त्याच नळावर पाणी भरत होतो.

क्रांती चौकाजवळ एक एजंट होता. त्यानं सगळं पाहून सांगितलं, फोटो कमी आहेत, मी कॉम्प्युटरवर जोडून देतो, समुद्र पाहिजे तर समुद्र, बर्फ पाहिजे तर बर्फ. कडूबा खुर्चीवरून उठला. म्हणाला, "जोड दिलेली तार मी मोटारीत भरत नाय." एजंटला काही कळलं नाही. मला कळलं.

मग कडूबानं स्वतःच फाइल केली. लग्नाचा एक फोटो दोघांचाच होता, स्वच्छ, चेहरे दिसणारा. लग्न सामुदायिक सोहळ्यात झालं होतं. वैजापूरला एका मंडळानं मैदानावर मांडव घालून चाळीसच्या वर लग्नं एका दिवशी लावली होती. तो फोटो मंडळाच्या फोटोग्राफरनं काढलेला. कडूबानं फोटो लावला आणि पुरावा भक्कम व्हावा म्हणून मंडळाची छापील स्मरणिकाही लावली. तिच्यात सगळ्या जोडप्यांची नावं होती. ती कुणी मागितली नव्हती. तो मुंबईला जाऊन कागद देऊन आला आणि कामाला लागला.

काही महिन्यांनी उत्तर आलं. इंग्रजीत होतं. माझ्या सुनेनं वाचून दाखवलं. व्हिसा नाकारला होता. कारण साधं होतं. फोटोत या दोघांच्या पुढं बांबूला पाटी बांधलेली होती आणि तिच्यावर मोठ्या आकड्यात बारा लिहिलं होतं. स्मरणिकेत बारा नंबरला बद्रीनाथ आणि सोजर हे जोडपं होतं, गाव कन्नड तालुक्यातलं. कडूबा आणि शिवकन्या सत्ताविसाव्या नंबरवर. लग्नाची नोंदणी उशिराची, पैसे नवऱ्याला नाहीत, फोटो दुसऱ्याच जोडप्याच्या जागेवरचा. दोन महिन्यांत अपील करा, असं शेवटी होतं. त्या साहेबाला मी दोष देत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही नाकारलं असतं.

कडूबानं फोटो हातात घेतला आणि खूप वेळ पाहत राहिला. तेरा वर्षं तो फोटो घरात होता. पाटीकडं कुणी पाहिलं नव्हतं.

उलगडा चतुराबाईनं केला. लग्नाचा दिवस मे महिन्यातला. सत्तावीस नंबरची जागा मांडवाच्या कडेला होती आणि तिथलं कापड फाटलेलं. नवरीच्या डोक्यावर सरळ ऊन. शिवकन्या सकाळपासून उपाशी, तिला घेरी यायला लागली. चतुराबाईनं मांडवभर नजर फिरवली तर आतल्या रांगेत बारा नंबरच्या खुर्च्या रिकाम्या. ते जोडपं आलंच नव्हतं. तिनं नवरा-नवरीला दंडाला धरून उठवलं आणि तिथं नेऊन बसवलं. ते लोक मागाहून धावत आले, तेव्हा स्वयंसेवकानं त्यांना सत्तावीसवर ढकललं. लगेच मंगलाष्टका सुरू झाल्या. भटजी एक, लाऊडस्पीकर एक, अक्षता सगळ्यांवर सारख्याच. नंबराची आठवण कुणाला राहणार?

"सावलीत बसवली ती माझी चुकी का?" चतुराबाई म्हणाली.

कुणी तिला काही बोललं नव्हतं. तरी दोन दिवस ती जेवताना तेच विचारत होती.

शिवकन्येला सांगावं लागलं. त्या दिवशी मी तिथंच होतो. चतुराबाईच्या मोबाइलचा स्पीकर चालूच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "ते पुस्तक देयाला तुमाला कोणी सांगितलं व्हतं?"

"जास्तीचं असावं म्हणलं."

"मागितलं तेवढंच देयाचं असतं. पेशंटला जास्तीची गोळी देती का मी?" मग म्हणाली, "हे बघा, अजून एक हिवाळा मी इथं एकटी काढणार नाय. वय थांबत नाय माझं. ह्या बारीनं झालं तर झालं, नायतर नोकरी सोडून मी परत येते."

फोन झाल्यावर कडूबा दुकानात येऊन बसला. कामाला हात लावला नाही. मी त्याला तसं पहिल्यांदाच पाहिलं. ती परत आली तर दोघं एकत्र राहतीलच, मग वाईट काय, असं कुणी म्हणेल. पण तिची सगळी वर्षं, रात्रपाळ्या, दोनदा नापास होऊन पुन्हा बसणं, हे सगळं एका पाटीपायी पाण्यात जाणार होतं. आणि पाटी चुकीची आहे हे खरं असूनही पटवून देता येत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही वैजापूरला गेलो. मंडळ कधीच बंद पडलं होतं. त्याचे अध्यक्ष आप्पासाहेब मार्केट यार्डासमोर राहतात. आडतीचा धंदा मुलाकडं दिलेला, ते ओट्यावर बसून असतात. त्यांनी चहा पाजला, सोहळ्याची कौतुकं सांगितली. किती क्विंटल बुंदी झाली, कोणकोणते पुढारी आले. कडूबानं अडचण सांगितली तसा त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे आमच्या कार्यक्रमात गोंधळ झाला असं मी लिहून देऊ?"

कडूबा म्हणाला, गोंधळ नाही, फक्त दोन जोडप्यांच्या जागा बदलल्या.

"एकाही जोडप्याची जागा बदलली नाय. लई शिस्तीत झालं सगळं. पाहिजे तर तसं पत्र देतो, लेटरहेडवर. सगळी जोडपी आपापल्या जागी बसली होती म्हणून."

आणि खरंच त्यांनी मुलाला लेटरहेड आणायला सांगितलं. आम्ही नको नको म्हणत ओट्यावरून उतरलो. ते पत्र वकिलातीत गेलं असतं तर कडूबा जन्मात विमानात बसला नसता.

मग उरलं बारा नंबरचं खरं जोडपं. त्यांच्याकडंही असाच उलटा फोटो असणार, सत्तावीसच्या पाटीखालचा. तो मिळाला आणि त्यांनी लिहून दिलं, की हिशेब जुळत होता. स्मरणिकेत गावाचं नाव होतं. एसटीनं कन्नड गाठलं, पुढं जीपनं गेलो. जीपमधे शेळ्या होत्या आणि आम्ही होतो.

बद्रीनाथ घरीच सापडला. साखर कारखान्यावर हंगामी कामाला जाणारा माणूस, तेव्हा हंगाम नव्हता. फोटो समोरच्या भिंतीवर लावलेला. बाशिंग बांधलेला बद्रीनाथ, शेजारी सोजर, पुढं पाटी सत्तावीस. कडूबानं तो पाहिला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "ही आमची जागा."

बद्रीनाथ हसला. त्यालाही आठवत होतं. आम्हाला उशीर झाला, टेम्पो पंक्चर झाला, आमच्या जागेवर कोणीतरी बसलेलं. सगळं जुळलं. पाणी आलं, चहा आला. पण लिहून द्यायचं म्हणताच त्याचं बोलणं आखडलं. हंगाम नसताना म्हणे कारखान्यावर जायचंय, नोटरीला वेळ नाही, कोर्टाचं लचांड नको. कडूबा म्हणाला, येण्याजाण्याचं मी बघतो. तरी नाही. फोटो तरी द्या. तोही नाही. समजावून सांगितलं, एकदा, दोनदा. तो मान हलवत राहिला. मला राग आला. माणसानं नाही म्हणावं, पण कारण तरी धड सांगावं. आम्ही त्याच्याकडं काय मागत होतो? तो कुठं बसला होता एवढंच.

तेवढ्यात सोजर बाहेरून आली. ती ग्रामपंचायतीची सदस्य होती, कुठल्या तरी बैठकीहून आलेली. तिनं आमचं ऐकून घेतलं आणि बोलता बोलता सांगितलं, थोरली पोरगी यंदा दहावीला, तिच्या क्लासचं बघायचंय. कडूबानं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला तेरा वर्षं आणि पोरगी दहावीला. त्यानं लगेच नजर जमिनीकडं वळवली. पण सोजरनं ती पाहिली होती.

ती खाली बसली. "आता कळलंच हाय तर ऐका. आमचं लग्न आधीच झाल्यालं. गावात, दारात, चार माणसांत. माझ्या बापाला काय देता आलं नाय. तिथं कपाट अन् भांडी देत व्हते म्हणून पुन्हा बाशिंग बांधलं."

"गप की," बद्रीनाथ म्हणाला.

"आन् टेम्पोबिम्पो काय पंक्चर झाला नव्हता. पोरगी गळा सोडंना म्हणून उशीर झाला. बहिणीकडं दिली तं मांडवापस्तोर रडत आली मागं."

म्हणजे सगळ्याचं मूळ तिथं होतं. आता अडचण अशी, की मंडळाच्या अर्जावर यांनी पहिलंच लग्न म्हणून लिहून दिलं होतं. शपथेवर लग्नाची तारीख घातली आणि पोरीचा जन्मदाखला कुणी पुढं केला, तर सोजरला उत्तर देता येणार नव्हतं. गावात विरोधी पॅनेल होतंच. त्यातला नानासाहेब नावाचा माणूस तिच्याविरुद्ध काहीतरी सापडायची वाट पाहत बसलेला. कपाटापायी सदस्यपद गेलं, असं तो गावभर सांगत फिरला असता.

बद्रीनाथची चिडचिड मला आता समजली. कडूबालाही समजली. तो उठला आणि म्हणाला, "राहू द्या ताई. तुमचं घर मोडून मला जायाचं नाय."

हे त्यानं मनापासून म्हटलं. मी मात्र मनातून चरफडलो. एसटी, जीप, शेळ्या, सगळं करून इथवर यायचं आणि राहू द्या म्हणायचं. पण त्याच्या जागी दुसरं काय बोलता येत होतं, तेही मला सुचेना.

"बसा," सोजर म्हणाली. "बायकोनं तिकडं बोलवलंय अन् तुमी माझ्या दारातून रिकामे चालले व्हय? त्यांना काय पाहिजे? कोण कुठं बसलं एवढंच ना? मग तेवढंच लिहा. त्या दिवशी आमी सत्तावीसच्या पाटीखाली बसलो, हे बाराच्या पाटीखाली. बसलो हे खरंच हाय. लग्न कवा झालं हे लिहायचंच कशापायी?"

मंडळाच्या अध्यक्षाला, एजंटला आणि आम्हालाही जे सुचलं नव्हतं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. खोटं काही नव्हतं, जास्तीचंही काही नव्हतं. बद्रीनाथ म्हणाला, पंचायतीत जाऊन ही असंच बोलायला शिकली. तिनं त्याला फोटो भिंतीवरून काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी कन्नडला तहसीलसमोर नोटरीकडं चौघं बसलो. काम दहा मिनिटांचं. सकाळ गेली. टायपिस्टच्या हाताला एकच वळण. लग्नाचा कागद म्हटलं की त्याची बोटं आपोआप लिहायची, 'आमचा विवाह सदर दिनांकी विधिवत संपन्न झाला.' सोजरनं वाचलं, खोडायला लावलं. त्यानं नवीन कागद घेतला आणि पुन्हा तेच. हे वाक्य नको, असं तिनं शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, बाई, हे वाक्य नसलं तर कागदाला अर्थ काय? ती म्हणाली, अर्थ आमी बघू. तिसऱ्या वेळी त्यानं 'विवाह' काढून 'शुभमंगल' टाकलं. कडूबानं डोळे मिटून घेतले. शेवटी सोजर त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि एकेक शब्द सांगत गेली. नोटरीनं सही करताना विचारलं, "तुमचं लग्न झालंय ना पण?"

"झालंय की," सोजर म्हणाली. "चांगलं घट्ट झालंय."

पुढं तेच जुने हाल. मराठी कागदाचं इंग्रजी करणारा शहरात मिळाला, तर त्यानं बद्रीनाथला कडूबाचा भाऊ करून टाकलं. ते दुरुस्त केलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, एकात बारा, एकात सत्तावीस. दोन्ही जोडप्यांचे आजचे फोटो, ओळखपत्रं. शिवकन्येनं तिकडून पत्र पाठवलं, त्यात उन्हाचं, घेरीचं, सासूनं दंड धरून उठवल्याचं सगळं लिहिलं. चतुराबाईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग चुकी माझी नव्हतीच." मुदत संपायच्या आत कागद गेले. या वेळी कडूबानं एकही पान जास्तीचं लावलं नाही. मी फाइल पाहिली होती. पहिलीपेक्षा पातळ होती आणि जास्त वजनदार वाटत होती.

वाट पाहणं सुरू झालं. शिवकन्या रोज विचारायची, तो रोज नाही म्हणायचा. मग तिनं विचारणं सोडलं. चतुराबाई सांगायची, सून हल्ली फोनवर परतीच्या तिकिटांचं बोलते. कडूबा उन्हाळ्याच्या कामात बुडालेला. पंप जळायचे दिवस, दुकानाबाहेर मोटारींची रांग. वर्षाचा धंदा त्याच दिवसांत होतो. हा गडी दुकान बंद करणार की चालू ठेवणार हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी नवी गिऱ्हाइकं त्यानं घेतली, जुनीही सोडली नाहीत. मला वाटायचं, एक काहीतरी ठरव. पण ठरवणारा तो नव्हता.

एका सकाळी माझी सून दुकानाशी आली. अपिलात तिचा ईमेल दिला होता. तिनं मोबाइल पुढं केला आणि सांगितलं, मंजूर झालं. मी उभा राहिलो. कडूबानं वर पाहिलं, ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा खाली पाहिलं. त्याच्या हातात अर्धी भरलेली मोटार होती. बाहेर फकिरा नावाचा शेतकरी तीच मोटार न्यायला बसलेला. तार अशी मधेच सोडता येत नाही. ताण गेला, की आधीचे वेढे सैल पडतात आणि सगळं उसवून पुन्हा भरावं लागतं. हे मला ठाऊक होतं. तरीही मला वाटलं, आज तरी सोड. तो भरत राहिला. ओठ हलत होते, तो वेढे मोजत होता. सून माझ्याकडं पाहून हसली आणि गेली. मी परत बसलो.

दुपारी मोटार पुरी झाली. त्यानं ती चालवून पाहिली, फकिराच्या गाडीत चढवून दिली, हात धुतले. मग घरी जाऊन चतुराबाईचा मोबाइल घेतला आणि पहिल्यांदाच स्पीकर न लावता दाराबाहेर येऊन उभा राहिला. मी मागोमाग जाऊन त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. तिचा आवाज तरी मला ऐकू येत होता, इतकी ती चिडली होती.

"सकाळी कळलं अन् आता सांगता?"

"फकिराची मोटार अर्धी व्हती."

कडूबा भिंतीला टेकून उभा होता. म्हातारी दारात येऊन काय झालं म्हणून हातानं विचारत होती आणि तो तिला थांब म्हणून हातानंच सांगत होता. मग तिकडून आवाज आला, आता चिडका नव्हता, पण मी कान देऊन होतो.

"झाली का पुरी?"

"झाली."

"मग या आता."